नकाशा सगळ्यात शेवटी काढा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत सध्या पर्यायी इतिहासाच्या कथा येत आहेत. कल्पना रंजक आहेत, भाषाही चांगली आहे, पण बहुतेकींचा सांगाडा एकच. हरलेला पक्ष जिंकतो, पुढच्याच परिच्छेदात त्याचा झेंडा अर्ध्या खंडावर फडकतो आणि त्यापुढच्या परिच्छेदात शंभर वर्षे उलटून गेलेली असतात. या शंभर वर्षांत फौजेचा पगार कोणी दिला, कोण निपुत्रिक वारला, दाणावैरण कुठून आली, याचा पत्ता नसतो. असे जग उभे करणे म्हणजे मुख्यतः हिशेबाची वही लिहिणे आहे. ज्यांना हा उद्योग करायचा आहे त्यांच्यासाठी थोडे तपशिलात लिहितो. मुख्य उदाहरण पानिपतचे घेतो, कारण मराठीत 'जर-तर'चा तो हक्काचा विषय आहे.

पहिला प्रश्न वळण कुठे द्यायचे हा. बहुतेक लेखक १४ जानेवारी १७६१ ची दुपार धरतात: विश्वासरावांना गोळी लागत नाही, सेनापती सदाशिवरावभाऊ अंबारीतून उतरत नाहीत आणि लढाई जिंकली जाते. यात अडचण अशी की त्या दिवसापर्यंत छावणी दोन-अडीच महिने कोंडलेली होती. माणसे उपाशी होती, घोडी मेलेली होती किंवा मरायला टेकली होती. अशी फौज जिंकली तरी पाठलाग कशाने करणार? अब्दाली हटून यमुनेपलीकडे जाईल, त्याचा साथीदार रोहिला सरदार नजीबखान याच्या मुलखात दाणापाणी घेईल आणि महिन्याभरात पुन्हा समोर उभा राहील. म्हणजे निकाल उलटा केला तरी कारण तसेच राहते.

म्हणून वळण कारणाच्या अलीकडे हवे. १७६० च्या ऑक्टोबरात भाऊंनी उत्तरेला जाऊन कुंजपुरा घेतला. तिथे धान्याचा मोठा साठा हाती लागला. त्याच सुमारास, २५-२६ ऑक्टोबरला, अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून मराठे आणि दिल्ली यांच्यामध्ये आला. रस्ता तुटला तो तिथे. बागपतच्या उतारावर एक जागती चौकी असती, तर पुढचे सगळे बदलते. याहूनही लहान वळण हवे असेल तर दिल्लीहून खजिना घेऊन निघालेली तुकडी घ्या. रात्रीच्या अंधारात वाट चुकून ती शत्रूच्याच छावणीत शिरली. तिला वाट सापडली असती तर? चांगल्या वळणाची माझी कसोटी साधी आहे. ते एकच असावे, लहान असावे आणि त्यासाठी कोणालाही एका रात्रीत शहाणपण सुचावे लागू नये. 'भाऊंनी सुरजमल जाटाचा सल्ला ऐकला' हे वळण मला म्हणून कमी आवडते. त्यासाठी माणसाचा स्वभाव बदलावा लागतो, आणि स्वभाव एकदा बदलला की पुढच्या प्रत्येक प्रसंगी तो बदललेलाच धरावा लागतो. लेखक ते विसरतात.

आता रसद. इथे आकडेमोड टाळता येत नाही, आणि खरे तर गोष्टीतला निम्मा रस इथेच आहे. समजा छावणीत ५० हजार लढवय्ये, १ लाख बिनलढाऊ माणसे आणि ४० हजार घोडी आहेत. माणशी रोज पाऊण किलो धान्य धरले तर ११२ टन. घोड्याला चार किलो हरभरा किंवा जव धरला तर १६० टन. एकूण रोजचे सुमारे २७२ टन. लादलेला बैल साधारण १०० किलो वाहतो आणि दिवसाला १५ किलोमीटरच्या आसपास चालतो. म्हणजे रोज सुमारे २,७०० बैल छावणीत पोचले पाहिजेत. धान्याचा मुलूख दहा मुक्कामांवर असेल तर जाण्याचे दहा आणि परतीचे दहा दिवस धरून सुमारे ५४ हजार बैल सतत वाटेवर लागतात. वंजाऱ्यांचे तांडे हेच काम करत. तांडा राजी नसेल, किंवा त्याच्या वाटेवर शत्रूचे दोन-तीन हजार स्वार फिरत असतील, तर तोफखाना कितीही चांगला असो, त्याचा उपयोग नाही.

सुका चारा वरच्या हिशेबात धरलेलाच नाही. घोड्याला दिवसाला आठ किलो म्हटले तरी ४० हजार घोड्यांना ३२० टन लागतो. तो इतका लांबून वाहून आणणे कोणालाच परवडत नाही. तो आसपासच कापून आणायचा असतो. म्हणून घोडदळाची छावणी एका जागी दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकत नाही. आसपासचे गवत संपते, चारा आणणाऱ्यांना रोज जास्त लांब जावे लागते आणि शत्रूचे स्वार नेमके त्यांनाच गाठतात. खंदक खणून बसलेल्या फौजेत आधी घोडी जातात, मग तोफा ओढणारे बैल, आणि माणसांची पाळी त्यानंतर येते. पानिपतावर हाच क्रम दिसतो. दिल्ली अवघी ९० किलोमीटरवर, बैलाच्या चालीने सहा मुक्काम. पण रस्ता मोकळा असेल तर. दुसऱ्या बाजूला मराठ्यांचे सरदार गोविंदपंत बुंदेले दुआबात, म्हणजे गंगा-यमुनेच्या मधल्या मुलखात, अब्दालीच्या रसदेवर घाला घालत होते. डिसेंबरात ते मारले गेले आणि तो दाबही सुटला.

हा हिशेब केला की बागपतच्या वळणातून महायुद्ध निघत नाही. अब्दाली दुआबातच राहतो. रोहिल्यांच्या आणि अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या धान्यावर तो उन्हाळ्यापर्यंत तग धरील, पण गिलच्यांना, म्हणजे त्याच्या अफगाण शिपायांना, घरचे वेध लागतातच. शुजाच्या मार्फत तहाची बोलणी प्रत्यक्षातही चालली होती. नजीबने ती तडीस जाऊ दिली नाहीत. रस्ता मोकळा असलेल्या मराठ्यांशी बोलताना नजीबचा आवाज बराच खाली येईल. म्हणजे या वाटेवर १४ जानेवारीची लढाईच होत नाही. होतो तो एक कंटाळवाणा, दोन्ही बाजूंना अर्धवट वाटणारा तह. कथालेखकाला हे मिळमिळीत वाटेल. मला यात जास्त माल दिसतो.

कारण आता माणसे जिवंत आहेत, आणि जिवंत माणसे मेलेल्यांपेक्षा जास्त घोटाळे करतात.

विश्वासराव जिवंत आहेत. नानासाहेबांची प्रकृती आधीपासून ढासळत होती. ते जून १७६१ ऐवजी एक-दोन वर्षांनी गेले असे धरा. गादीवर विश्वासराव बसतात. म्हणजे माधवराव पेशवे होतच नाहीत. ते धाकटे भाऊ राहतात. ज्यांना पानिपतही जिंकायचे आहे आणि वर थोरल्या माधवरावांची कारकीर्दही हवी आहे, त्यांना दोन्ही मिळणार नाही. शिंद्यांकडे पाहा. जयाप्पा १७५५ त नागोरला गेले, दत्ताजी १० जानेवारी १७६० ला बुराडी घाटावर पडले, जनकोजी पानिपतानंतर पकडून मारले गेले. घराण्यातली ही माणसे गेली म्हणूनच, आणि तीही कित्येक वर्षांच्या वादानंतर, सरदारी महादजींच्या हाती आली. जनकोजी जगले तर महादजी एक कर्तबगार काका म्हणून राहतात, बस. जिंकलेल्या पानिपताची ही किंमत आपल्या कथांत कुणी मोजलेली दिसत नाही.

आणि भाऊ? विजयी फौज, इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि दिल्लीचा ताबा हाती असलेला हा माणूस पुण्यात परतल्यावर तरुण पुतण्याच्या हाताखाली निमूट बसेल? १७५० त कारभारीपद मिळत नाही असे दिसताच त्यांनी कोल्हापूरकरांकडे जाण्याची तयारी दाखवली होती. शिवाय राघोबादादा आहेतच. पेशव्याला वस्त्रे साताऱ्याहून येतात, हेही विसरू नये. आपल्या कथांत पेशवा एकदम 'सम्राट' होतो, पण कागदावर वर छत्रपती, त्याहून वर दिल्लीचा बादशहा, आणि प्रत्यक्षात त्या दोघांनाही चालवणारा पेशवा, अशी ही उतरंड आहे. ती मोडायची असेल तर कोण, कोणत्या साली आणि कोणाच्या पाठिंब्यावर मोडतो हे लिहावे लागेल. होळकर, गायकवाड, नागपूरकर भोसले यांना त्या मोडण्यात काय मिळणार, तेही.

राज्यकर्ते रचताना दोन नियम पाळले तर पुष्कळ चुका टळतात. पहिला: वळणानंतर गर्भधारणा झालेला कोणीही आपल्या ओळखीचा माणूस असणार नाही. १७६० ला वळण दिले तर १७६९ चा नेपोलियन नाही, १७७५ चा दुसरा बाजीराव नाही, १७८० चा रणजितसिंग नाही. लांबच्या देशांना काही वर्षांची सूट द्यायची असेल तर द्या, पण मग ती सगळ्यांना सारखी द्या. सोयीचा तेवढा महापुरुष जन्माला घालायचा आणि गैरसोयीचा गाळायचा, हे वाचकाला लगेच कळते. दुसरा नियम: वारसाहक्काचा कायदा आधी लिहा, वंशावळ नंतर. कायदा वेगळा तर तीच मुलेबाळे वेगळा देश घडवतात. १८३७ त व्हिक्टोरिया इंग्लंडच्या गादीवर आली, पण जर्मनीतल्या हानोव्हरच्या कायद्यात पुरुष वारस असताना स्त्रीला गादी नव्हती. सव्वाशे वर्षे एका राजाखाली असलेली दोन राज्ये त्या दिवशी वेगळी झाली, एकही गोळी न झाडता. मोगलांकडे थोरल्याचा हक्क ठरलेला नव्हता, म्हणून शहाजहान आजारी पडल्याबरोबर चार मुलगे चार दिशांनी निघाले. अब्दालीचा मुलगा तैमूरशहा १७९३ त वारस न नेमता मेला. त्याला वीसहून अधिक मुलगे होते आणि पुढची कित्येक वर्षे त्यांनी एकमेकांना तख्तावरून ओढण्यात घालवली. आपल्या काल्पनिक अफगाण राज्याला बाहेरून शत्रू आणून पाडण्याची गरजच नाही.

मुलांच्या मरणाचेही असेच. त्या काळात जन्मलेल्या मुलांपैकी जवळजवळ निम्मी मोठी होत नसत, राजवाड्यातसुद्धा. इंग्लंडच्या ॲन राणीची सतरा बाळंतपणे-गर्भपात झाले. त्यांतला सर्वांत जास्त जगलेला मुलगा १७०० त अकराव्या वर्षी वारला. पुढच्याच वर्षी संसदेने वारसाचा नवा कायदा केला आणि १७१४ त पन्नासहून अधिक कॅथलिक नातेवाइकांना ओलांडून हानोव्हरचा जॉर्ज आणला. ज्या वंशावळीत प्रत्येक राजाला तीन सशक्त मुलगे आणि प्रत्येकाची कारकीर्द २५ वर्षांची, ती वंशावळ खोटी दिसते. बाबर ते औरंगजेब हे सहा बादशहा १८१ वर्षांत झाले. औरंगजेबानंतरच्या बारा वर्षांत पाच बादशहा येऊन गेले. राजांचा हिशेब असाच ओबडधोबड चालतो.

पैशाकडे वळतो. भाऊंनी दिल्लीत दिवाण-ए-खासचे रुप्याचे छत उतरवून नाणी पाडली. लढाईच्या पाच महिने आधीच तिजोरीची ही दशा होती. मग जिंकल्यावर ती भरते कशी? उत्तरेतली चौथाई कागदावर पुष्कळ, वसुली मात्र फौज दारात उभी असेपर्यंतच. म्हणून प्रत्येक राज्यासाठी तीन आकडे तरी लिहून ठेवावेत: हाती पडणारा महसूल, उभ्या फौजेचा वर्षाचा खर्च आणि सावकारांचे देणे. फौजेचा आकडा लोकसंख्येशी ताडून पाहावा. जुन्या शेतीप्रधान राज्याला शंभर माणसांमागे एक कायम शिपाई पोसणे साधारण जमते. १७४० च्या प्रशियाने २२ लाख लोकसंख्येवर ८० हजारांची फौज ठेवली, पण त्यासाठी महसुलाचा बहुतेक भाग लष्करावर गेला आणि साऱ्या समाजाची घडी त्याप्रमाणे बसवावी लागली. तरीही शेवटी प्रशियाचा राजा फ्रेडरिक वाचला तो जानेवारी १७६२ मध्ये रशियाची एलिझाबेथ राणी वारली आणि तिच्या जागी त्याचा भक्त असलेला तिसरा पीटर आला म्हणून. कथेत असा योगायोग लिहिला तर संपादक परत पाठवतील. माझे मत असे की एका शतकात असा एक योगायोग लेखकाने घ्यावा. दुसरा घेऊ नये.

इंग्रजांना बंगालमध्ये पुसून टाकण्याची घाईही दिसते. प्लासी १७५७ ची, म्हणजे आपल्या वळणाआधीची. ती होऊन गेली आहे. मात्र १७६५ ची दिवाणी वळणानंतरची आहे. ती शाहआलमने दिली तेव्हा तो दिल्लीबाहेर, दुसऱ्यांच्या आश्रयाला होता, आणि वर्षाला २६ लाख रुपयांच्या बोलीवर त्याने बंगाल-बिहार-ओरिसाच्या महसुलाचा हक्क लिहून दिला. तोच बादशहा मराठ्यांच्या पहाऱ्यात दिल्लीच्या तख्तावर असता, तर त्या सनदेची बोली पुण्याच्या वकिलाशी झाली असती. कंपनी बंगालमध्ये राहील, पण भाडेकरूसारखी, आणि तिचा हक्क वादग्रस्त. यातून दहा वर्षांनी युद्ध निघू शकते, आणि ते युद्ध पानिपतपेक्षा जास्त पटणारे असेल. बिहारचा सोराही इथे मोलाचा आहे. युरोपातल्या बंदुकांच्या दारूला तो लागे आणि प्लासीनंतर त्याचा मक्ता कंपनीकडे गेला. पाटण्यात सत्ता कोणाची, याचा परिणाम अशा वाटेने लंडन-पॅरिसपर्यंत नेता येतो. दूरच्या देशांत बदल नेताना अशी एखादी वस्तू धरावी. 'जगभर पडसाद उमटले' हे वाक्य फुकटचे आहे.

बातमीचा वेग तर बहुतेक सगळेच विसरतात. पानिपतची बातमी नानासाहेबांना वाटेत, सावकारी पत्रातून कळली. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या केपला वळसा घालून येणाऱ्या जहाजाला लंडनहून हिंदुस्थानात पोचायला पाच-सहा महिने. हुकूम आणि त्याचे उत्तर यांत वर्ष जाते, म्हणून कलकत्त्याचा गव्हर्नर आधी लढतो आणि मग परवानगी मागतो. २४ डिसेंबर १८१४ ला इंग्लंड-अमेरिकेत गेन्टचा तह झाला तरी न्यू ऑर्लीन्सची लढाई ८ जानेवारी १८१५ ला झाली. समुद्रापलीकडे कोणाला माहीतच नव्हते. आपल्या जगात तार येईपर्यंत राजाला काय कळले आणि केव्हा, याचा वेगळा रकाना ठेवावा.

युद्धे संपवतानाही कंजुषी होते. 'तह झाला' एवढ्यावर भागत नाही. मराठे आणि कंपनी यांच्यातला सालबाईचा तह १७८२ चा: सात वर्षांच्या लढाईनंतर कंपनीने पुरंदरच्या तहानंतर घेतलेला मुलूख परत केला, साष्टी मात्र ठेवली, राघोबादादांना महिना २५ हजारांची नेमणूक ठरली. तह मे महिन्यात ठरला, पुण्याची मान्यता मिळायला कित्येक महिने गेले. मुलूख, रोकड आणि तिचे हप्ते, ओलीस, कैदी, बंदरे-वखारी, आणि गादीवरचा कोणता हक्कदार कोणी मान्य केला: इतकी कलमे लिहिली तर पुढचे युद्ध शोधावे लागत नाही. थकलेला तिसरा हप्ता ते काम करतो.

निसर्गाबद्दल थोडक्यात. भूकंप आणि ज्वालामुखी माणसाच्या लढायांना विचारत नाहीत. १७८३ चा आइसलँडमधला लाकीचा उद्रेक आणि १८१५ चा तांबोराचा, दोन्ही जसेच्या तसे ठेवावेत. पावसाचे मी तसे म्हणणार नाही. हवामान बारीकसारीक फरकांनी बदलते, त्यामुळे वळणानंतर वीस वर्षांनीही त्याच साली दुष्काळ पाडणे ही लेखकाची सोय आहे. पण दुष्काळ अधूनमधून पडलाच पाहिजे. सलग पन्नास वर्षे चांगला पाऊस असलेले साम्राज्य मी तरी वाचू शकत नाही.

नकाशा मी मुद्दाम मागे ठेवला. लेखक आधी नकाशा रंगवतात आणि मग त्या रंगांना कारणे शोधतात. त्यातून नदीच्या दोन्ही काठांवर सरळ रेषेत चालणाऱ्या हद्दी निघतात. तशी रेष मोजणीदार, होकायंत्र आणि कागदावरचा करार आल्यावर आखता येते. अमेरिका-कॅनडामधली ४९ व्या अक्षांशाची १८१८ ची. त्याआधीची हद्द म्हणजे घाट, उतार, किल्ले आणि जिथवर वसुलीचा माणूस जिवंत परत येतो तो टापू. एकाच गावावर दोघांचा वसुलीचा हक्क असू शकतो. निजामाच्या मुलखातली चौथाई हे त्याचेच उदाहरण. ठळक एकरंगी नकाशात ते दाखवता येत नाही. रेघारेघांचा पट्टा काढावा लागतो.

वहीची रीत अशी ठेवता येईल. वळणापासून पहिली पाच वर्षे महिन्यागणिक लिहावीत, पुढची चाळीस वर्षे सालागणिक, त्यानंतर दशकागणिक. रकाने चार: कोण जन्मला-वारला, तिजोरीत काय, फौज कुठे आणि तिचे धान्य कुठून, आणि ही गोष्ट कोणाला केव्हा कळली. चौथा रकाना रिकामा राहतो तिथे बहुधा कथानकाला भोक असते. नावांवरून शेवटचा हात फिरवावा. १६६४ त इंग्रजांनी घेतले नसते तर न्यू यॉर्क न्यू ॲमस्टरडॅमच राहिले असते, आणि पर्यायी जगातल्या पात्राच्या तोंडी 'न्यू यॉर्क' आले की सगळी मेहनत वाया.

आपल्याला विनंती एवढीच. यापुढे अशी कथा छापताना लेखकाकडून वळणाची तारीख, पहिल्या वीस वर्षांची सनावळी आणि मुख्य घराण्यांची वंशावळ मागवून घ्यावी आणि ती कथेसोबत चौकटीत द्यावी. अर्धा स्तंभ पुरेल. जागा कमी पडली तर रंगीत नकाशा वगळला तरी चालेल.

आपला,
पुरवणीचा एक नियमित वाचक